दर दोन मिनिटांनी भोंगा

चार वर्षांपूर्वी बोटीचा भोंगा वाजला आणि आमची लेक पिप डेकवर आडवी पडून अशी किंचाळली, की बोट सुटायच्या आत आम्ही तिघंही खाली उतरलो. माझी आई राहते कॅनडातल्या ग्रँड मनान बेटावर, तिथं जायचं ते या बोटीनंच. गुडघ्यांमुळे तिला प्रवास झेपत नाही. तेव्हापासून तिनं नात पाहिली ती फक्त फोनवर.

पिप आता आठ वर्षांची आहे. ती ऑटिस्टिक आहे. बोलते मोजकं, पण आकडे म्हणजे तिचा जीव की प्राण.

यंदा आईची सत्तरी. माझी बायको ग्वेंडा हट्टालाच पेटली. "ड्वाइट, काय वाटेल ते होवो, या वेळी जायचंच!"

तिची मैत्रीण कोरीन हिनं अशीच एक लेक वाढवून मोठी केलीय. ती म्हणाली, "अगं, पोरीला एकदम बोटीत कोंबू नका. आधी नुसतं धक्क्यावर जा, बोट बघा, घरी या. चित्रांची पट्टी कर. गाडी, धक्का, बोट, आजी. आणि एका कार्डावर नुसतं प्रश्नचिन्ह काढ. बेत बदलला की ते दाखवायचं. पण घरी सवय कर हं. ऐन वेळी बाहेर काढशील तर काडीचा उपयोग नाही."

मग तीन शनिवार आम्ही धक्क्यावर गेलो, पिपच्या कानांवर आवाज अडवणारे मोठे हेडफोन. घरी प्रश्नचिन्ह दाखवून पॅनकेकऐवजी टोस्ट दिला. पहिल्यांदा पिपनं ते कार्ड फ्रिजखाली भिरकावलं. सहाव्यांदा तिनं ते हातात धरलं आणि म्हणाली, "बदल."

ग्वेंडानं मला स्वयंपाकघरातच मिठी मारली.

जायच्या दिवशी धुकं असं दाटलं, की धक्क्यावरून बोटसुद्धा दिसेना. बोट चाळीस मिनिटं उशिरा सुटणार होती. आम्ही कार्ड दाखवलं. पिपनं "बदल" म्हणत गाडीच्या खिडकीला नाक लावलं. इथवर ठीक. पण बोटीवर चढलो आणि खलाशी हबर्ट म्हणाला, "धुकं आहे ना, भोंगा वाजत राहणार बघा."

मी पटकन विचारलं, "किती वेळा?"

"दर दोन मिनिटांनी. घड्याळ लावून."

ग्वेंडाचे डोळे लकाकले. "घड्याळ लावून? मग मोजताच येईल की रे!"

हबर्टच्या इशाऱ्यावर तिनं फोनवर दोन मिनिटांचा गजर लावून पिपच्या हातात दिला. आकडे उलटे धावू लागले. शून्य झालं आणि भोंगा वाजला. पिपनं डोळे घट्ट मिटले, अंग आक्रसलं. मी तिला उचलायला पुढे झालो.

"थांब," ग्वेंडा कुजबुजली. "ती बघतेय."

खरंच, पिप आकडे बघत होती. दुसरा भोंगा. तिसरा. चौथ्याला तिनं स्वतःच हेडफोनवर हात दाबले आणि मोठ्यानं म्हणाली, "पाच, चार, तीन, दोन, एक!"

भोंगा!

पिप हसली. खदाखदा हसली! पलीकडच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "अगं बाई, ही तर कॅप्टनपेक्षा पक्की!" सातव्या भोंग्याला हबर्टसकट अख्खा डेक तिच्यासोबत मोजत होता. मी हसत होतो आणि डोळेही पुसत होतो.

"परत," पिप म्हणाली. "परत!"

बेटाच्या धक्क्यावर आई काठी टेकून उभी होती. ग्वेंडानं फोनवर आधीच बजावलं होतं, "एकदम कवटाळू नका, आई. हात पुढे करा आणि वाट बघा." आईनं तळवा पुढे केला. पिपनं तो उलटा केला, बोटं एकेक करून मोजली आणि तिचा हात धरूनच चालू लागली.

"अरे ड्वाइट, सामान तूच आण," आई मागे न बघताच ओरडली. "मला वेळ नाही!"