किमान एक प्रमाणपत्र

आमची कंपनी नळ बनवते. नळ बनवणाऱ्यांकडून कोण काय चोरणार, असं मलाही वाटायचं. पण एकदा कोणीतरी पगाराची सगळी यादीच लांबवली आणि रातोरात आमच्याकडे सायबर सुरक्षा विभाग उघडला. त्याचे प्रमुख इतकं कमी बोलतात की आम्ही त्यांना कुलूपसाहेब म्हणतो. तोंडावर नाही, अर्थात.

मी हेल्पडेस्कला. म्हणजे दिवसभर लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून द्यायचे. हिशेब खात्यातल्या बाई तर सोमवारी विसरतात, मंगळवारी आठवतो, तोवर मी बदललेला असतो. या कामाचा मला मनापासून वीट आला होता. त्यात सुरक्षा विभागात एक जागा निघाली. फळ्यावर नोटीस लागली : ‘उमेदवाराकडे सुरक्षा विषयातील किमान एक प्रमाणपत्र असावे. अर्ज शुक्रवारी पाचपर्यंत.’ ती खुर्ची मला हवी होती. इतकी, की मी जेवताना सुद्धा तिच्याबद्दल बोलायचे.

मी साहेबांकडे गेले. “साहेब, प्रमाणपत्र कुठलं?”

“नोटीस वाचा,” ते म्हणाले आणि कुलूप लागलं.

मग घरी चर्चा. माझा दीर या विषयातला जाणकार. त्याच्या भिंतीवर पाच प्रमाणपत्रं आहेत आणि नोकरी मोबाइलच्या दुकानात. एक ना धड, भाराभर चिंध्या.

“वहिनी, सीआयएसएसपी करा. त्याच्यावर काही नाही.”

मी चौकशी केली. त्याला आधी पाच वर्षांचा सुरक्षेतला अनुभव लागतो. म्हणजे नोकरीसाठी प्रमाणपत्र आणि प्रमाणपत्रासाठी नोकरी.

“मग ओएससीपी. खरंखुरं हॅकिंग. परीक्षा जवळजवळ चोवीस तास चालते.”

“चोवीस तास तुझ्या भावाला घर सांभाळता येईल का?” मी विचारलं. नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. त्याचं मत एकच : ज्या परीक्षेत कमी लोक नापास होतात ती द्यावी. मी रागाने त्याच्याकडे पाहिलं, तरी मनात तेच होतं.

शेवटी मी सिक्युरिटी प्लस नावाच्या प्रमाणपत्रापाशी आले. नवशिक्यांसाठी बरं म्हणतात. तेवढ्यात सासूबाईंनी चष्मा लावून माझ्या खांद्यावरून पडद्यात पाहिलं.

“तीन वर्षांनी संपतं असं लिहिलंय. प्रमाणपत्र आहे की खोकल्याचं औषध? माझा शाळा सोडल्याचा दाखला अजून चालतो.”

झालं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शुक्रवार तोंडावर आला. निदान कुठल्या परीक्षेला नाव नोंदवलंय एवढं तरी अर्जात लिहावं, तर माझं अजून ठरत नव्हतं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. चुकीचं निवडलं तर हिशेबवाल्या बाईंचा पासवर्ड मी निवृत्त होईपर्यंत बदलत राहणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

मंगळवारी ऑफिसात मेल आला. ‘तुमच्यासाठी योग्य सुरक्षा प्रमाणपत्र कोणतं? आमचे तज्ज्ञ ठरवून देतील. निम्मी फी. फक्त आज.’ देव पावला असं वाटलं. मी दुव्यावर क्लिक केलं. ऑफिसचा पासवर्ड मागितला, तोही दिला. लगेच पडदा लालभडक झाला.

‘हा सराव होता. खरा चोर असता तर आता तो आत असता. – सुरक्षा विभाग.’

अनोळखी दुव्यावर क्लिक करू नका, हे मी रोज दहा जणांना सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कान इतके तापले की हेडफोन काढून ठेवला.

सापडलेल्यांना बुधवारी शिक्षेचा वर्ग होता. मी मागच्या बाकावर तोंड लपवून बसले, पण हिशेबवाल्या बाईंनी शोधून काढलंच.

“अगं बाई, तुम्हीसुद्धा? मग आमचं काय चुकलं?” त्या इतक्या खूश झाल्या की माझ्याच शेजारी येऊन बसल्या.

कुलूपसाहेबांनी दोन तास शिकवलं. पत्ता तपासा, घाई करणाऱ्यावर संशय घ्या, कोणीही पासवर्ड मागितला तर देऊ नका. शेवटी लेखी परीक्षा. माझी सगळी उत्तरं बरोबर आली, पण साहेबांनी मान वर करून पाहिलंही नाही. प्रत्येकाच्या हातात एकेक जाड कागद ठेवला आणि वर्ग सुटला.

घरी येऊन मी तो कागद टेबलावर आपटला आणि रडले. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि कागद उचलून सावकाश वाचला.

“‘माहिती सुरक्षा प्रशिक्षण व परीक्षा यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल प्रमाणपत्र.’ शिक्का आहे, सही आहे. आणि यावर संपायची तारीख नाही गं.”

मी रडायची थांबले. मोबाइलमध्ये नोटिशीचा फोटो होता, तो काढून पुन्हा वाचला. साहेबांनी सांगितलंच होतं, नोटीस वाचा म्हणून.

गुरुवारी सकाळी मी अर्ज आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कागद उलटून पालटून पाहिला.

“हे शिक्षेचं आहे,” ते म्हणाले.

“सुरक्षा विषयातलं आहे, साहेब. एक आहे. आणि खाली सही तुमची आहे.”

“हे चालणार नाही.”

“नोटिशीत कुठलं ते लिहिलेलं नाही. मी विचारायला आले होते.”

साहेबांनी नोटिशीची प्रत मागवली. वाचली. पुन्हा वाचली. स्वतःच्याच शब्दात पकडला गेलेला माणूस कसा दिसतो, ते मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं.

“ही फट आणखी कोणाला दिसली आहे?”

“अजून नाही. पण कालच्या वर्गातले सगळे याच कागदावर अर्ज करू शकतात. हिशेबवाल्या बाई विचारत होत्या, हा कागद कुठे कुठे चालतो म्हणून. नोटीस आज बदललेली बरी.” मी जरा थांबले. “माझा अर्ज घेतल्यावर.”

साहेब हसले. त्यांना दात आहेत, हेही त्या दिवशी कळलं. त्यांनी आधी माझ्या अर्जावर पोचेचा शिक्का मारला आणि मग फळ्यावरची नोटीस उतरवायला शिपायाला पाठवलं.

“सोमवारपासून इथे बसा,” ते म्हणाले. “पण सहा महिन्यांत खरं प्रमाणपत्र लागेल.”

“कुठलं, साहेब?”

त्यांनी ‘नोटीस वाचा’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग कोरा कागद घेऊन परीक्षेचं पूर्ण नाव लिहिलं, शेवटची तारीख लिहिली आणि खाली दोनदा रेघ मारून लिहिलं : ‘याऐवजी दुसरे कोणतेही चालणार नाही.’ इतक्या दिवसांत मला सरळ उत्तर देणारा हा पहिलाच माणूस. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

ती परीक्षा मी पास झाले. सिक्युरिटी प्लसच होती. ते प्रमाणपत्र कपाटात आहे. तीन वर्षांनी पुन्हा बघावं लागणार. भिंतीवर सासूबाईंनी शिक्षेचंच लावलंय. त्याला संपायची तारीख नाही, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.