दोन सप्टेंबरची तारीख

राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल बुधवारी आला आणि जिल्ह्याच्या पोलिसप्रमुखाच्या, म्हणजे शेरीफच्या, कचेरीत कारकून असलेल्या मार्टा लाहतीचं जेवणावरून मन उडालं. निकाल तसा सरळ होता. लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीचा कायदा लागू झाला एकोणीसशे पंच्याण्णवच्या एक ऑक्टोबरला. त्याआधी ज्यांनी गुन्हा केला, त्यांच्यावर तो मागाहून लादता येणार नाही. त्यांची नावं काढा. इतकी वर्षं हीच कोर्टं सांगत होती की ही शिक्षा नव्हेच, नुसती नोंद आहे. त्या नुसत्या नोंदीला मग एकेक शेपूट फुटत गेलं. दर तीन महिन्यांनी येऊन सही करा, शाळेपासून हजार फुटांच्या आत राहू नका, गाडी बदलली तरी तीन दिवसांत कळवा. आता कोर्ट म्हणत होतं, शिक्षाच आहे ही. उशिरा का होईना डोळे उघडले, असं मार्टा एरवी म्हणालीही असती.

पण राजधानीतून आलेल्या, काढायच्या नावांच्या यादीत जिल्ह्यातली चार नावं होती आणि रॉय हाउतालाचं नव्हतं.

का नव्हतं, ते तिला तिथल्या तिथे कळलं. जुनी प्रकरणं कॉम्प्युटरवर चढवताना या कचेरीने गुन्ह्याच्या तारखेच्या रकान्यात निकालाचीच तारीख ठोकून दिली होती. ती हाताशी होती ना. खऱ्या तारखेसाठी तळघरात कोण उतरणार? रॉयला शिक्षा झाली शहाण्णवच्या फेब्रुवारीत, म्हणून कॉम्प्युटरच्या लेखी त्याने गुन्हाही फेब्रुवारीतच केला होता. खरी तारीख बघायला मार्टाला तळघरात जायची गरज नव्हती. पंच्याण्णव, दोन सप्टेंबर, शनिवार. सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीत तळ्याकाठी गावजेवण होतं. घरी सोडतो म्हणून रॉयने एकवीस वर्षांच्या इरेनला गाडीत घेतलं आणि बोटींच्या शेडमध्ये तिच्यावर बळजबरी केली. सहा वर्षं तुरुंगात काढून तो परत आला. इरेन ही मार्टाची धाकटी बहीण.

म्हणजे त्याचं नाव वहीत राहायला नुसतं गप्प बसायचं होतं. खोटं बोलायचं नव्हतं, काही लपवायचंही नव्हतं. मार्टा दोन दिवस कचेरीत नुसती येरझारा घालत राहिली.

शुक्रवारी रॉय सही करायला आला. आता पंचावन्नचा, मानेत वाकलेला. टोपी काढून तो खिडकीशी उभा राहिला.

"यादीत आहे का मी?"

"नाही."

"पेपरात आलंय, गुन्ह्याची तारीख धरतात म्हणून." तो खाली बघत होता. "ती तर तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक असून काय उपयोग? आमच्याकडे कागद बोलतो. वकील कर."

"वकिलाला वर्ष लागेल. डॉक्टर म्हणतात, आई ईस्टर काही बघत नाही. तिचं घर शाळेला लागून. दिवसा जातो मी, पण रात्री तिच्याजवळ कुणी नसतं."

मार्टाने सहीचा कागद पुढे सरकवला. त्याने सही केली, टोपी घातली आणि गेला. त्याने हुज्जत घातली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. भांडणाऱ्या माणसाला नाही म्हणणं सोपं असतं.

शनिवारी दुपारी नेहमीसारखी इरेनकडे सौना, म्हणजे घामाची लाकडी न्हाणी, तापली. दोघी बहिणी फळीवर घाम गाळत बसल्या. सौनात भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, ही आईची शिकवण. देवळात वागावं तसं तिथे वागायचं. म्हणून मार्टाने तोंड उघडलं ते बाहेर आल्यावर, टॉवेल गुंडाळून बर्फाकडे तोंड करून दोघी ओसरीच्या बाकावर बसल्या तेव्हा. तिने सगळं सांगितलं.

"त्या कागदाला हात लावू नकोस," इरेन म्हणाली.

"तारीख खोटी आहे गं."

"असू दे. मी टाकली का खोटी? मी रोज सकाळी नोंदवहीचं इंटरनेटवरचं ते पान बघते, मार्टा. तो कुठे राहतो, कुठली गाडी चालवतो. मग ठरवते कुठल्या दुकानात जायचं आणि कुठल्या रस्त्याने."

"रोज?"

"रोज. पान सुरू झालं तेव्हापासून."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू बदलीचा अर्ज केला असतास. तू तिथे आहेस म्हणून तर मला झोप लागते."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी मार्टाची गत झाली.

"सुनावणीत त्याच्या वकिलाने तुला तासभर त्या तारखेवरून छळलं होतं," ती म्हणाली. "शुक्रवार असेल, पुढचा आठवडा असेल, नीट आठवतं का. तू एकदाही हलली नाहीस. दोन सप्टेंबर, दोन सप्टेंबर. तुझीच तारीख चुकीची आहे असं कागदावर राहू देऊन मी तुझी बाजू घ्यायची?"

"आली मोठी न्यायाधीश," इरेन म्हणाली. "घरी जा. अंग पुसून जा, थंडी भरेल."

रविवारी मार्टाने अंगणातला बर्फ दोनदा उपसला, वेलदोड्याचा पाव भाजायला घातला आणि जाळला. इरेनला तीन वेळा फोन लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. रॉयची तिला दया येत नव्हती, हे तिने स्वतःशी स्पष्ट म्हणून पाहिलं. खरंच येत नव्हती. त्याच्या म्हातारीची येत होती, पण म्हातारीसाठीही तिने त्या तारखेला हात लावला नसता. पंचवीस वर्षं ती त्या खुर्चीत बसून लोकांना तारखा नीट लिहा म्हणून दटावत आली होती.

सोमवारी ती तळघरात उतरली. बहिणीची फिर्याद काढली, तिची प्रत केली, दुरुस्तीच्या अर्जाला जोडली आणि खाली स्वतःची सही करून राजधानीला पाठवली. सही नेहमीसारखीच आली.

गुरुवारी सकाळी नाव पानावरून गेलं. कचेरीत न जाता मार्टाने गाडी थेट इरेनच्या दारात उभी केली. इरेनने दार उघडलं. अंगात कोट, एका हातात बाजाराला न्यायची रिकामी पिशवी, दुसऱ्या हातात फोन.

"गेलं," ती म्हणाली.

"हो. मी काढलं."

मार्टाला वाटलं, आता इरेन दार लावून घेईल. तसं तिने केलं नाही.

"ठीक आहे. मग आता तू सांगायचंस. रोज सकाळी एक फोन. कुठे राहतो आणि गाडी कुठली, एवढंच. कचेरीतच बसतेस ना?"

"इरेन, नाव निघालं की त्याने आम्हालाही काही कळवायचं नसतं." मार्टा म्हणाली. "तो कुठे आहे ते आता मलाही कळणार नाही."

इरेनने मान हलवली. मग पिशवी खाली ठेवली, कोट काढला आणि पुन्हा खुंटीला लावला.