तीन बदकं आणि एक लिंबू

चिन्नय्या तात्तावर अन्याय झाला तो पोंगल सरल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, कुंभकोणमच्या पशुवैद्यकीय कचेरीत, आणि मी तिथे हजर होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे धुकं, पाणी आणि पंख इतके येतील की त्यांत ही वेळ विरघळून जाईल, आणि काही जणांना ती विरघळलेलीच हवी आहे.

तात्ता म्हणजे आजोबा. इकडे कुठल्याही म्हाताऱ्याला तशीच हाक मारतात. हा तात्ता चोळपुरम्‌च्या पलीकडल्या तळ्याकाठचा. त्याची आठवण प्रथम गंधरूपाने येते: ठासणीच्या बंदुकीतल्या दारूचा कडवट दर्प, आणि त्यावर नुकत्याच चावलेल्या विड्याच्या पानाचा हिरवा तिखटपणा. पोंगलआधीच्या मार्गळी महिन्याच्या थंडीत, जेव्हा आभाळ, भात आणि पाणी एकाच राखाडी रंगात निजलेले असत, तेव्हा तो बांधावर येऊन उभा राही आणि वाटे, धुक्यालाच एक कणा फुटला आहे.

बंदुकीचा परवाना शेत राखण्यासाठी होता, पण ती चाले तळ्यावर उतरणाऱ्या भुवई बदकांवर नि पाणलाव्यांवर. हा गुन्हा आहे. मी शब्द गिळणार नाही. याच मार्गळीत मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं, फोटोसकट, आणि बसथांब्यावर उभी राहून वाटलं होतं. त्याने ते घडी घालून टॉवेलात खोचलं आणि म्हणाला, "फोटो बरा आलाय, पाप्पा. पण नाक एवढं मोठं छापायचं काय कारण?" पाप्पा म्हणजे इकडे पोरगी.

जे पत्रकात आलं नाही ते आता लिहिते. बसलेल्या पाखरावर त्याने कधी बार टाकला नाही. आधी बंदूक काखेत धरून दोन्ही हातांनी एक टाळी वाजवायचा. त्या एका टाळीने तळ्याचं काळीज उडावं तसा थवा उठे, पंखांचा पाऊस उलटा आभाळाकडे कोसळे, आणि मग कुठे त्याचा खांदा वळे. टाळीनंतरही पाण्यावर उरलेल्या पाखराकडे तो बघतही नसे. "जे उठत नाही ते आपलं नाही," एवढंच त्याचं शास्त्र, बापाकडून आलेलं. मी त्याला थोतांड समजले होते.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी त्याने टाळी वाजवली आणि अर्धं तळं उठलंच नाही. मान वाकडी करून पाखरं आपल्याच प्रतिबिंबाभोवती गोल फिरत होती. तात्ताने बार न काढताच बंदूक उतरवली. समोरच्या काठावर मात्र रविवारच्या जीपगाड्या आलेल्या होत्या. हौसेखातर येणारे, चांगल्या दुनळी बंदुका बाळगणारे साहेब. त्यांनी तीच बसलेली पाखरं टिपली आणि हसतखेळत गाडीत भरली. ती कुणाच्या चुलीवर गेली, मला ठाऊक नाही. ठाऊक असलेले बोलत नाहीत, एवढं ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी तात्ता कचेरीत आला तो लग्नात मिळालेल्या पिवळ्या पिशवीत तळ्याच्या काठाला लागलेली तीन मेलेली बदकं केळीच्या पानात गुंडाळून. दुसऱ्या हातात एक लिंबू. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, लिंबू ठेवावं, ही इथली रीत. मी रस्त्यावरच्या कुत्र्याच्या पिल्लाला लस टोचून घ्यायला रांगेत होते. त्याने लिंबू टेबलावर ठेवलं, पिशवी ठेवली, आणि हात जोडून, साहेबाला इकडे म्हणतात तसं, सांगितलं, "अय्या, तळ्याला रोग लागलाय. तपासा."

खुर्चीतल्या माणसाने कॉफीचा पेला बाजूला सारला. पिशवीत डोकावला. मग लिंबाकडे पाहून हसला. "नजराणा? कितीला देतोस जोडी?"

"विकायला नाही, अय्या. दाखवायला."

"चोर कधी माल दाखवायला आणतो होय रे?" आणि खणातून त्याने एक कागद काढला. माझं पत्रक. "हे बघ. शिकलेल्या पोरीने लिहिलंय, तूच तो."

तात्ताने वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर सोपं गेलं असतं. त्याला वाटलं, मी काहीतरी बोलेन. मी पिल्लाची दोरी आवळली आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकले.

संध्याकाळपर्यंत बंदूक ठाण्यात जमा झाली. कागदावर चढलं: रोगट पक्षी विकताना पकडला. तळ्यावर शिकारबंदीची पाटी लागली. उत्तम, ती मी वर्षभर मागत होते. पण तळ्याच्या उगवतीला कोंबड्यांच्या लांबच लांब शेड आहेत, त्यांचं सांडपाणी तळ्यातच उतरतं, आणि त्याच आठवड्यात भर दुपारी ताडपत्री ओढलेल्या लॉऱ्या तिथून गेल्या. मागे बांधावर, रोगाने मेलेलं पुरल्यावर टाकतात तशा चुन्याची ताजी पांढरी रेघ राहिली. आधी कोण आजारी पडलं, रानपाखरू की शेडमधली कोंबडी? मला माहीत नाही. तीन बदकांचा नमुना बोलला असता. नमुना पाठवला का, विचारलं की उत्तर मिळतं, "अहवाल येईल." जीपवाल्यांची नावं विचारली की कुणीतरी उठून पंखा मोठा करतं.

मी तात्तावरही संशय घेतला. तोंडावर विचारलं, खरंच एकही विकलं नाहीस? तो पानाला चुना लावत होता, थांबला. "आधी विकली, पुष्कळ विकली. ती तीन नाही." मग पान माझ्यापुढे केलं. "तू तरी घे. वाडीत आता माझ्या हातचं कुणी घेत नाही. सुनेने नातीला माहेरी नेलंय, रोग लागेल म्हणून."

मी पान घेतलं. फार तिखट होतं.

तात्ता आता बांधावर येत नाही; सकाळ येते आणि कुणालाही न उठवता निघून जाते. माणसाची अनुपस्थिती तळ्यावर दिसत नाही. पाणी ती जागा लगेच भरून काढतं. कागद तसं करत नाही. त्यावर एकदा लिहिलेलं नाव वर्षानुवर्षं तसंच राहतं, आणि मागाहून येणारा प्रत्येक जण त्यालाच आठवण समजतो. म्हणून तुमच्या सहानुभूतीचं मला काही करायचं नाही. त्या कचेरीत माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. त्यात दोनच प्रश्न विचारा: त्या तीन बदकांचा तपासणी अहवाल कुठे आहे, आणि त्या रविवारी जीपमध्ये कोण होतं? पोच घ्या. आजच.