जागेवरून न उठणारी कॉलरताई

माणसाचं कौतुक करायच्या आपल्या काही पद्धती मोठ्या विचित्र असतात. "बाई कामाला बसली की उठत नाही," असं कुणाबद्दल म्हटलं की ऐकणाऱ्यांच्या माना आदराने हलतात. ती का उठत नाही, हे विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही.

शर्ट शिवणाऱ्या त्या कारखान्यात छत्तीस मशिनी होत्या आणि त्यांच्यावर छत्तीस बायका. सगळ्यांची नावं कामावरून पडलेली. बाहीवाली, खिसेवाली, काजवाली. कॉलर बसवण्याचं अवघड काम जिच्याकडे होतं, ती कॉलरताई. तिचा हात इतका सफाईदार की दोन टोकं जुळलीत का, हे बघायला ती मान खाली घालत नसे. आणि तिची दुसरी ख्याती म्हणजे ती जागेवरून उठत नसे.

देखरेख करणारे मास्तर मोजमापाचे भारी शौकीन. त्यांच्या टेबलामागे एक फळा होता. त्यावर छत्तीस नावं आणि जी मशीन सोडून उठेल तिच्या नावापुढे खडूची एक रेघ. संडासाची किल्लीही तिथेच खिळ्याला टांगलेली. म्हणजे जायचं असेल तर सगळ्यांदेखत मास्तरांसमोर हात पसरायचा आणि वर रेघ ओढून घ्यायची. शनिवारी सगळ्यात कमी रेघा असलेलीचं नाव मास्तर मोठ्याने वाचत आणि टाळ्या वाजत. गेले अकरा महिने ते नाव कॉलरताईचं होतं.

त्यामागची युक्ती साधी होती. ती पाणीच पीत नसे. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी डब्याबरोबर दोन घोट, तेही घास अडकला तर. नव्या मुलींनाही ती हाच धडा देई. "पाणी प्यायलीस की उठावं लागतं, उठलीस की हाताची लय मोडते. थोडं दाबून धरायला शिक."

कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल होतं. तिथल्या मावशी साठीच्या, दिवसभर उभ्या असायच्या, म्हणून त्यांचं नाव फळ्यावर नव्हतं. त्या कॉलरताईला छेडत.

"अगं, या इस्त्रीला मी दिवसातून चारदा पाणी पाजते. नाही पाजलं तर कापड जाळते ही. तू काय लोखंडापेक्षा पक्की आहेस?"

"मावशी, तुमच्या नावाचा फळा नाही, तुम्हाला बोलायला काय जातं?"

"फळा नाही म्हणूनच तर मला दिसतं. तुझे ओठ बघ आरशात."

कॉलरताई हसून सोडून द्यायची. दोन महिन्यांपासून लघवीला आग होत होती, तीही तिने अंगावर काढली. कंबरेच्या वर एका बाजूला दुखायला लागलं, तेव्हा तिने घरी सांगितलं, "पाठ भरली असेल." आणि एका मंगळवारी, शाळेच्या गणवेशाच्या चार हजार शर्टांची खेप मशिनीवर असताना, थंडी वाजून ताप भरला आणि ती उठायला गेली तर उठताच येईना. अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिला उठायचं होतं, आणि दोघींनी धरून उठवावं लागलं.

दवाखान्यातही तिची ताकाला जाऊन भांडं लपवण्याची सवय गेली नाही. "थोडी कणकण आहे," एवढंच म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी मात्र सरळ विचारलं, "लघवीला दिवसातून किती वेळा जाता?"

शेजारी नवरा उभा होता. कॉलरताईने मान फिरवली. "सकाळी एकदा. मग कामावरून घरी आल्यावर."

"मध्ये किती तास?"

"दहा. कधी अकरा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "जंतू वर चढत मूत्रपिंडापर्यंत गेलेत. या वेळी औषधाने आवरेल. पण तुम्ही अशाच कोरड्या राहिलात, तुंबवून बसलात, तर हे पुन्हा होईल, पुन्हापुन्हा होईल. तुम्ही कॉलर शिवता ना? मग लक्षात ठेवा. मूत्रपिंड खराब झालं तर उसवून दुसरं लावता येत नाही इतक्या सहजी."

नवऱ्याचा चेहरा उतरला. कॉलरताईला स्वतःपेक्षा त्याचीच कीव आली. डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. पण खरा घाव संध्याकाळी बसला. आठवीतली लेक शाळेतून थेट दवाखान्यात आली. आईने सवयीने तिच्या दप्तरातली पाण्याची बाटली काढली. बाटली सकाळी भरली होती तशीच गच्च भरलेली.

"प्यायली नाहीस?"

"शाळेतल्या संडासात जायला नको वाटतं," लेक म्हणाली. "तूच म्हणतेस ना, थोडं दाबून धरायला शिकावं. मला आता येतं. घरी येईपर्यंत राहता येतं मला."

पोरीच्या आवाजात शाबासकीची आस होती. कॉलरताई रडली. आपलं दुखणं तिने सोसलं असतं, पण ते आपण लेकीला आंदण देऊन बसलो, हे तिला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी मावशी भेटायला आल्या. कॉलरताई म्हणाली, "मावशी, काम सोडू का? तिथे परत गेले तर परत तेच."

"काम सोडून काय होईल? तुझ्या जागी दुसरी बसेल आणि तीही सुकेल," मावशी म्हणाल्या. "दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, हे आता तुला वेगळं सांगायला नको. पण त्या हत्तीला दार कुणी उघडून दिलं? थोडं मास्तरांनी, थोडं तू. तुझं बघून पस्तीस जणी पाणी सोडून बसल्या, बाई. त्यांना तूच पाणी पाज."

दहा दिवसांनी कॉलरताई कामावर आली ती मोठी बाटली घेऊनच. ती तिने मशिनीच्या उजव्या हाताला ठेवली. दहा वाजता ती उठली. मशिनी एकेक करून थांबल्या. तिने मास्तरांसमोर जाऊन किल्ली मागितली.

मास्तर खडू हातात धरून बघतच राहिले. "कॉलरताई, तुम्ही?"

"हो, मी. साडेबाराला परत येईन, तीनला परत."

"अहो, खेप जायची आहे. एक उठली की रांग उठते."

"मास्तर, तुम्ही आमचं उठणं मोजता. पंधरा दिवस आमचं उसवणं मोजून बघा." ती जे बोलणार होती ते बायका एकमेकींच्या कानातही बोलत नसत. "माझ्या मूत्रपिंडाला सूज आली होती. पाणी न पिऊन आणि लघवी दाबून. इथल्या कितीजणींना आग होते, त्यांनी हात वर करा."

आधी काजवालीचा हात वर गेला. मग बाहीवालीचा. मग एकामागून एक एकोणीस हात वर गेले! मास्तरांनी ते सवयीने मोजले, आणि एकोणिसावर त्यांचा खडू खाली आला.

मास्तर वाईट माणूस नव्हते. मोजायचं म्हटलं की ते नाही म्हणू शकत नसत, एवढंच. ठरलं की पंधरा दिवस फळा बंद, किल्ली दाराला, प्रत्येकीच्या मशिनीला बाटली आणि मोरीवर साबण. मास्तरांनी फक्त मोजायचं की किती शर्ट उसवून परत शिवायला आले.

पहिल्या दोन दिवसांत सगळा बट्ट्याबोळ झाला. छत्तीस बायकांना एकच संडास, त्यामुळे ही भलीमोठी रांग लागली आणि काम मागे पडलं. मास्तर मिशीत हसायला लागले. पण दुसरा संडास होता की! त्यात कित्येक वर्षांची कापडाची कात्रणं कोंबलेली होती, इतकंच. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बायकांनी पदर खोचले आणि कात्रणांची अकरा पोती बाहेर काढली. मशिनींच्या कोणत्या ओळीने केव्हा उठायचं तेही आपसांत ठरवलं. ज्यांना आग होत होती त्यांना कॉलरताईने दोघीदोघींनी डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

पंधराव्या दिवशी, शनिवारी, मास्तर वही घेऊन उभे राहिले. पूर्वी दिवसाला सत्तर-ऐंशी शर्ट उसवून परत शिवावे लागत. बहुतेक दुपारी दोननंतरचे, डोकी ठणकायची त्या वेळचे. आता ते तिसावर आले होते. आणि गणवेशाची खेप ठरल्यापेक्षा एक दिवस आधी गेली होती.

"मी आयुष्यभर मोजत आलो," मास्तर म्हणाले. "आणि चुकीची गोष्ट मोजत आलो. तुम्ही तहानेने सुकत होता आणि मी टाळ्या वाजवायला लावत होतो. मला माफ करा."

टाळ्या वाजल्या. पूर्वी एकीचं नाव घेतल्यावर पस्तीस जणी वाजवायच्या, त्यात हेवा असायचा. या टाळ्या छत्तीस जणींनी स्वतःसाठी वाजवल्या, आणि सगळ्यात जोरात मावशींनी.

सहा महिन्यांनी कॉलरताई तपासणीला गेली. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. औषध तर केव्हाच संपलं. काय केलंत एवढं?"

"पाणी प्यायले. आणि उठले."

डॉक्टरीणबाई हसल्या. कॉलरताईची नजर त्यांच्या टेबलावर गेली. तिथे पाण्याची बाटली होती, झाकणाचं सील न तोडलेली. दुपारचा एक वाजला होता.

"डॉक्टरीणबाई, राग मानू नका. तुम्ही सकाळपासून किती पाणी प्यायलात?"

डॉक्टरीणबाईंनी बाटलीकडे बघितलं. बाहेर पेशंटची रांग होती. त्यांनी सील तोडलं, अर्धी बाटली संपवली आणि उठल्या. रांगेतली माणसं पाच मिनिटं जास्त थांबली. कुणाचं काही बिघडलं नाही.

मंडळी, मोठी दुखणी टाळायला दर वेळी मोठी औषधं लागतात असं नाही. तहान लागायची वाट न बघता पाणी प्यावं, लघवीला लागली की उठावं, साबणाने हात धुवावेत आणि परत कामाला लागावं. यात लाजण्यासारखं काही नाही आणि यासाठी कुणाची परवानगीही लागू नये. तुमच्या हाताखाली माणसं असतील, तर त्यांना उठू द्या. घरात मुलं असतील, तर त्यांना आपल्या सहनशक्तीचे नव्हे, आरोग्याचे धडे द्या. आणि हे वाचता वाचता तुम्ही स्वतःच कधीपासून एका जागी बसून असाल, तर उठा. कॉलरताई उठली, तसं.