मंत्रानं उठणारा सर्व्हर

आयुधपूजेच्या दिवशी दिलसुखनगरच्या आमच्या कोचिंग क्लासमध्ये फळ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सर्व्हरला झेंडूची माळ घातली होती आणि पुढे कपाळभर कुंकू लावून क्लासचा नवा तंत्रज्ञ अनिरुद्ध उभा होता. मागे सगळा स्टाफ हात जोडून. माझे हात खिशात होते.

"बघा!" अनिरुद्ध माझ्याकडे बोट करून गरजला. "मुकुंदच्या सर्व्हरमध्ये तीनशे प्रोग्राम धावतात. माझ्या मंत्रसिद्ध सर्व्हरमध्ये फक्त एक!"

पडद्यावर चालू प्रोग्रामच्या यादीत खरंच एकच ओळ होती. मग त्यानं तोही प्रोग्राम मारला, म्हणजे बंद पाडला. क्लासच्या वेबसाइटवरचं निकालाचं पान गेलं. लिंबू ओवाळून त्यानं मंत्र पुटपुटला आणि पान परत आलं!

"हौ की! मेलेलं उठलं!" संचालक दिलीपसर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मुकुंदराव, सर्व्हर आपला आपण उठतोय, तर तुमचं काम काय? एक तारखेपासून नका येऊ."

नोकरीची भीती होतीच, पण खरं सांगतो, मत्सर जास्त होता. सात वर्षं मी सर्व्हर सांभाळला, कुणी एकदाही टाळी वाजवली नव्हती.

"ही हातचलाखी आहे," मी म्हणालो.

"मुकुंदभाई, जलते कैकू?" अनिरुद्ध हसला. सगळेच हसले.

"जळतोच! म्हणून माझं ऐकू नका, स्वतः बघा."

गणिताच्या सुशीलाबाई पुढे आल्या. "ही यादी कुठे बसून काढली?"

"आत बसून," मी म्हणालो. "त्यानं कंटेनर केलाय, म्हणजे यंत्राच्या आत एक बंद खोली. तिच्यात फक्त वेबसर्व्हर, म्हणजे पान दाखवणारा प्रोग्राम ठेवलाय."

"म्हणजे दार लावून घरातली डोकी मोजायची आणि गल्ली रिकामी म्हणायची! बाहेरची यादी काढा."

अनिरुद्ध आडवा आला. "आज पूजलेल्या यंत्राला हात लावत नसतात."

"तुम्ही मघापासून लावताय की," बाई म्हणाल्या.

मी मुख्य यंत्रात शिरलो. तीनशेच्या वर ओळी सरसर उतरल्या. त्यांत एक राखणदार प्रोग्राम होता. त्याला हुकूम होता, खोलीतला वेबसर्व्हर मेला की पुन्हा उठव. मी तो हुकूम काढून वेबसर्व्हर बंद केला. बाईंनी अनिरुद्धच्या हातात लिंबू दिलं. मंत्र तीनदा झाला, पान उठलं नाही. मग मी वेबसर्व्हर चालू करून हुकूम परत लावला आणि अनिरुद्धसारखाच तो मारला. कुणी ओठही हलवला नाही, तरी पान आलं.

"एक तारखेचं राहू द्या," दिलीपसर नजर चुकवत म्हणाले.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की तो तुम्हाला कुठे उभं करून दाखवतायत ते विचारा आणि दोन पावलं बाहेर येऊन बघा. शंका काढणारा जळका असला तरी चालेल. त्याचा स्वभाव नका तपासू, त्याचा पुरावा तपासा.

एक सांगायचं राहिलं. कंटेनर तेव्हा नवीनच होते. मी त्यांच्याबद्दल नुसतं वाचलं होतं, अनिरुद्धनं मात्र खपून शिकून ते उभं केलं होतं. लिंबू न ओवाळता त्यानं एवढंच सांगितलं असतं, तर मी दुप्पट जळलो असतो आणि पहिली टाळी माझीच पडली असती.