उन्हाळ्यात सांगितलेली गोष्ट

आता बाहेर कमरेइतका बर्फ आहे, तळं गोठून दगड झालंय, म्हणून तोंड उघडतेय. उन्हाळ्यात कोणी गोष्ट विचारली तर मी दारातूनच हाकलते. गेल्या ऑगस्टात नाही हाकललं, त्याचीच ही हकीकत.

माझा इझिडोर मामा चित्रं काढायचा. जाड काळ्या रेघा, त्यांच्या आत प्राण्यांची हाडं, काळजं, पोटातली पिल्लं, आणि एकाच्या काळजातून निघून दुसऱ्याच्या काळजात शिरणारी रेघ. शहरातले लोक त्या चित्रांपुढे तासन् तास उभे राहायचे. आमच्या म्हाताऱ्यांनी मात्र त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. जे हळू आवाजात सांगायचं ते तू भिंतीवर टांगतोस, म्हणून. त्यावर मामानं एक नेम केला आणि मरेपर्यंत पाळला. तळ्याच्या पाण्याखाली जो राहतो त्याचं चित्र बर्फ पडल्यावरच काढायचं, आणि तळं मोकळं व्हायला लागलं की भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. हिवाळ्यात तो झोपलेला असतो. उन्हाळ्यात जागा असतो आणि ऐकत असतो. अंग मांजराचं, डोक्यावर शिंगं, पाठीवर काटे आणि तांब्याची लांबलचक शेपूट. ती हलली की तळं उसळतं. त्याचं नाव मी आत्ताही घेणार नाही.

मामा चित्र काढताना त्याची गोष्ट सांगायचा. ऐकायला मी असायचे. त्याचा सख्खा मुलगा आल्फॉन्स तेव्हा बाहेर हॉकी खेळत असायचा. त्यामुळे अख्खी गोष्ट येणारी गावात मी एकटीच, आणि त्याचा मला तोरा होता.

मामाला जाऊन वर्ष झालं तेव्हा गावच्या कौन्सिलनं त्याच्या आठवणीचं जेवण ऑगस्टात ठरवलं. रस्ते कोरडे असतात, शहरातल्या संग्रहालयाचे लोक येऊ शकतील, म्हणे. मी म्हटलं, जेवण खुशाल घाला, पण ते चित्र बाहेर काढू नका.

"ताई, बाबांना जग ओळखतं ते त्याच चित्रामुळे," आल्फॉन्स म्हणाला. "तू बस बर्फाची वाट बघत."

तळ्याकाठी मांडव उभा राहिला. माइक आला, दोन मोठे कर्णे आले. चित्र टांगलं तेही पाण्याकडे तोंड करून. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून मी गप्प बसले.

जेवणाच्या दिवशी सकाळी माझी लेक मॅरिस आणि जावई लिअँडर बेटाजवळची जाळी उचलायला निघाले होते. गेलेल्या माणसाच्या वाट्याचं पान आम्ही आगीत घालतो, आणि मामाच्या पानात ताजा मासा हवाच. लिअँडर मूळचा दुसऱ्या गावचा. पण जावई म्हणून कधी मिरवला नाही. माझी लाकडं फोडून द्यायचा, माझी बडबड ऐकून घ्यायचा.

"सासूबाई, दुपारपर्यंत येतो. तोवर कोणाशी भांडू नका," तो म्हणाला.

"तू आधी पाण्यात तंबाखू सोड, मग मला अक्कल शिकव!"

त्यानं हसत पाण्याखालच्याच्या मानाची चिमूटभर तंबाखू पाण्यात सोडली आणि इंजिन सुरू केलं.

दुपार झाली तरी दोघं आले नव्हते. मासे जास्त लागले असतील, असं मी मनाला समजावलं. मांडवात संग्रहालयाच्या बाईंनी आल्फॉन्सला विचारलं, हा प्राणी कोण?

"तो आमचा पाण्यातला सिंह," आल्फॉन्स माइकवर म्हणाला. "फार प्रेमळ. सगळ्यांची काळजी घेतो. बाबा मला मांडीवर बसवून त्याची गोष्ट सांगायचे."

प्रेमळ! मांडीवर बसवून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"प्रेमळ तुझं डोंबल!" मी ओरडले आणि त्याच्या हातातून माइक हिसकावला. लोक हसले. मला आणखीच चेव चढला. मी गोष्टीला पहिल्यापासून सुरुवात केली. मामा जिथे आवाज खाली आणायचा तिथे खाली आणला, जिथे थांबायचा तिथे थांबले. पाण्याखालच्याचं नाव घेतलं. एकदा नाही, चारदा घेतलं. पुढच्याच खुर्चीत बसलेल्या आमच्या गावच्या फिलोमीन आजीनं माझा हात ओढला.

"गप गं बाई! पाणी मोकळं आहे, तो जागा आहे."

मी हात सोडवून घेतला. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. शेवटी सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले, संग्रहालयाच्या बाई तर रडतच होत्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा मांडवाचं कापड जोरजोरात फडफडत होतं. मी वळून पाहिलं. तळं काळं पडलं होतं, आणि लाटा किनाऱ्याशी नाही, मधल्या पाण्यातूनच उठत होत्या. आल्फॉन्सनं चित्र उतरवलं आणि पालथं घातलं.

"पोरं कुठायत?" त्यानं विचारलं.

मी बेटाकडे बोट केलं. चार माणसं घेऊन तो नाव लोटून गेला. मी गुडघाभर पाण्यात शिरले आणि तंबाखूची अख्खी पिशवी ओतली. जीभ माझी सैल सुटली, मला ने, त्यांना सोड, एवढंच म्हणत राहिले. आजी काठावरून बघत होती.

ऊन कलताना नाव परत आली. मॅरिस घोंगडीत गुंडाळलेली होती. आल्फॉन्स माझ्याकडे बघेना. नेलेल्या चार माणसांखेरीज नावेत आणखी कोणी नव्हतं.

"लिअँडर?" मी विचारलं.

मॅरिसचे ओठ निळे पडले होते.

"तुझा आवाज बेटापर्यंत येत होता, आई," ती म्हणाली. "तो म्हणाला, थांब, सासूबाई गोष्ट सांगतायत. त्यानं इंजिन बंद केलं. मग वाऱ्यानं आवाज तुटायला लागला. तेव्हा नीट ऐकू यावं म्हणून तो नावेत उभा राहिला."