साडीच्या दुकानाशेजारची लॅब

कुकरची शिट्टी झाली आणि माझ्या मांडीवर झोपलेली माझी लेक चिन्नी दचकली. एका हाताने तिला थोपटत राहिले, दुसरा हात लॅपटॉपवर. आत अत्तम्मांनी, माझ्या सासूबाईंनी, गॅस बारीक केला. पोर पुन्हा पेंगली. तेवढंच हवं होतं मला.

विजयवाड्यातली आमची कंपनी छोटी. एकेका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक व्हर्च्युअल मशीन भाड्याने राहतात आणि डिस्क सगळ्यांत मिळून एकच. बिल्डिंगच्या टाकीसारखं. खालच्याने सगळे नळ सोडले की वरच्याकडे थेंब नाही. त्या दुपारी एका साडीच्या दुकानाचं मशीन फोटोंचा ढीग उतरवत होतं, आणि शेजारचं, मुलांच्या इस्पितळातल्या लॅबचं मशीन गुदमरलं होतं.

ऑफिसच्या ग्रुपवर रीतीप्रमाणे ‘हात लावतेय’ असं लिहिलं. म्हणजे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. साडीवाल्याच्या डिस्कला मर्यादा घातली: सेकंदाला एवढंच वाचायचं, एवढंच लिहायचं. साडीवाला मंदावला. पण लॅब मोकळी होईना. वाटलं, कमी आवळलं असेल. आणखी आवळलं.

लगेच फोन. लॅबमधल्या मस्तानम्मा.

“काय केलंत हो अम्मा? मघाशी निदान रांगत तरी होतं, आता आडवंच पडलंय. तापाने फणफणलेलं बाळ आहे इथे. तपासणी झालीय, पण आकडे त्या मेल्याच्या पोटात अडकलेत. डॉक्टर डोक्यावर उभे आहेत माझ्या.”

“दोन मिनिटं द्या, मस्तानम्मा गारू.”

“द्यायला माझ्याकडे आहेत. बाळाकडे आहेत का ते बघते.”

आवळलं एकाला, घुसमटतंय दुसरंच. प्रणीतला, माझ्या हाताखालच्या पोराला, फोन लावला.

“लॅबचं मशीन कशावरून बनवलंस रे?”

“साडीवाल्याचीच नक्कल मारली, अक्का. तासाभराचं काम वाचलं.”

“आणि मर्यादेच्या गटाचं नाव बदललंस?”

तिकडून हळूच, “ते बदलायचं असतं?”

“नाही रे, ओवाळायचं असतं त्याला. ठेव फोन.”

गटाचं नाव एकच असलं की त्यातल्या सगळ्या डिस्कना मर्यादा मिळून एकच लागते. म्हणजे मी जेवढं आवळत होते, तेवढ्यातच लॅबही वाटेकरी होती. साडीवाला भुकेला, सगळं तोच ओढत होता. मी लॅबला वेगळा गट दिला. घाईत नाव दोनदा चुकलं. मग लॅबचा आलेख सरळ वर चढला.

मस्तानम्मांना फोन लावला. कानाला धरायला हात मोकळा नव्हता, स्पीकरवरच टाकला.

“निघाला रिपोर्ट,” त्या म्हणाल्या. पण आवाजातला ताण सुटलेला नव्हता. “डॉक्टर थांबले नाहीत हो. अंदाजाने सुई दिली त्यांनी आधीच. आता कागद घेऊन वर पळतेय मी.”

“मग रिपोर्टात काय—”

फोन बंद. पुन्हा लावला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला.

चिन्नी केव्हा उठून बसली होती कोण जाणे. केस कपाळाला चिकटलेले, गालावर माझ्या साडीची घडी उमटलेली. मी तिचे केस मागे सारले. तिने माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

“अम्मा, बाळाला चुकीची सुई नाही ना दिली?”